धक्का लागला की दिला?

मराठी भाषेनं माणसाची अब्रू सांभाळण्याच्या ज्या काही सोयी करून ठेवल्या आहेत, त्यांत 'धक्का लागला' या दोन शब्दांना फार वरचं स्थान दिलं पाहिजे. धक्का 'दिला' म्हटलं की देणारा आला, घेणारा आला, बघणारे चार साक्षीदार आले आणि प्रकरण हमरीतुमरीवर यायला वेळ लागत नाही. पण धक्का 'लागला' म्हटलं की सगळा दोष त्या धक्क्याचा! तो आपला कुठूनसा आला आणि लागला. उचकी लागावी, ठेच लागावी, तसा. दादरच्या पुलावर संध्याकाळी असे हजारो धक्के मोकळे हिंडत असतात. त्यांना मालक नसतो. फक्त ज्याला तो लागतो त्याचं मत, तो 'दिला' असंच असतं.

'लागला' आणि 'दिला' यांतला हा सनातन वाद सोडवण्यासाठी गळ्यात शिट्टी अडकवून एक माणूस उभा करावा, ही कल्पना काही आपल्या पुलावर सुचली नाही. ती सुचली अमेरिकेत. त्या माणसाला बास्केटबॉलचा रेफरी म्हणतात. आपल्याकडे असा वाद दोन स्टेशनं चालतो आणि तिसऱ्या स्टेशनावर एक पक्ष उतरून गेल्यामुळे मिटतो. या गृहस्थाला तो पापणी लवायच्या आत मिटवावा लागतो. तोही वीस हजार माणसं एका सुरात त्याच्या कुळाचा उद्धार करत असताना.

माझी उंची पाहता माझा आणि बास्केटबॉलचा संबंध येण्याचं वास्तविक काही कारण नव्हतं. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक-अधिकारी राहतात. त्यांनी तीस वर्षं नोकरी सांभाळून रविवारच्या रविवार बास्केटबॉलच्या सामन्यांत शिट्टी वाजवली. अख्खी सोसायटी त्यांना 'पंच' म्हणते. पार्किंगच्या भांडणात मात्र त्यांना कोणी बोलावत नाही, कारण ते खरोखरच निकाल देतात. टीव्हीवर अमेरिकेतला सामना असला की ते मला चहाला वर बोलावतात आणि खेळाकडे न बघता रेफरींकडे बघायला लावतात. तेव्हा पुढे जे काही शहाणपणाचं येईल ते त्यांचं, आणि फाजील येईल ते माझं, असं आधीच सांगून ठेवतो.

गंमत अशी, की हा खेळ जन्माला आला तोच मुळी धक्काबुक्की नको म्हणून. साल १८९१. मॅसॅच्युसेट्स प्रांतातलं स्प्रिंगफील्ड गाव. बाहेर कडाक्याचा हिवाळा. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत अठरा दांडग्या विद्यार्थ्यांचा एक वर्ग होता. हिवाळ्यात त्यांना कोंडून कवायत करायला लावायचे आणि ते कवायतीला विटले होते. दोन मास्तर त्या वर्गापुढे हात टेकून गेले. तेव्हा वरिष्ठांनी, म्हणजे ल्यूथर गुलिक यांनी, तो वर्ग जेम्स नेस्मिथ नावाच्या तिशीतल्या कॅनेडियन मास्तरांच्या गळ्यात बांधला आणि चौदा दिवसांत बंद खोलीत खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढा, असं फर्मावलं. शाळा कुठलीही असो, नको असलेला वर्ग नव्या मास्तरांना देण्याची पद्धत जगात सगळीकडे सारखीच.

नेस्मिथनी विचार केला, की अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढी आडवाआडवी का होते? तर माणूस चेंडू घेऊन पळतो म्हणून. त्याला पळूच दिलं नाही तर पाडायचं कशाला? मग त्यांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन करंड्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट होता. आज जगभर बास्केट दहा फुटांवर असते ती त्या कठड्यामुळे. तो दोन फूट खाली असता, तर मीही थोडासा खेळलो असतो.

१९३९ साली, मृत्यूच्या थोडंच आधी, नेस्मिथ रेडिओवर बोलले होते. पहिल्या खेळात काय झालं, तर त्यांनी शिट्टी वाजवली आणि पोरांनी एकमेकांना पाडायला, लाथा मारायला आणि गुद्दे हाणायला सुरुवात केली. त्यांना सोडवेपर्यंत एक बेशुद्ध, काहींचे डोळे काळेनिळे आणि एकाचा खांदा निखळलेला! अहिंसक खेळाचा याहून हिंसक नारळ फुटला नसेल. यावर उपाय म्हणून चेंडू घेऊन पळायचं नाही, हा नियम मास्तरांनी पक्का केला. सगळे मिळून तेरा नियम झाले आणि १८९२ च्या जानेवारीत शाळेच्या वृत्तपत्रात छापले गेले.

त्यांतला पाचवा नियम आपल्या कामाचा. खांदा मारायचा नाही, धरायचं नाही, ढकलायचं नाही, पाय घालायचा नाही, मारायचं नाही. पहिल्यांदा केलंत तर फाउल. दुसऱ्यांदा केलंत तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आता २१ डिसेंबरला झालेल्या त्या पहिल्या सामन्यात एकूण गोल झाला एकच. म्हणजे तो व्हायच्या आधी बाहेर गेलेल्या माणसाला तो होईपर्यंत ताटकळावं लागलं असणार, आणि नंतर गेलेला थेट घरी! नेस्मिथनी आठवणींत लिहून ठेवलंय, की कधी कधी अर्धा संघ बाहेरच बसलेला असे.

पण खरी बहार पुढच्या नियमांत आहे. त्यात दोन अधिकारी सांगितले आहेत, रेफरी आणि अंपायर. कामाची वाटणी अशी, की रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश आणि अंपायर हा माणसांचा न्यायाधीश. चेंडू कुणाचा, तो आत की बाहेर, वेळ किती झाली, हे रेफरीनं पाहायचं. कोणी कोणाला काय केलं, हे अंपायरनं. पंचांनी मला हा नियम पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी म्हटलं, "मग रेफरीची नोकरी बरी! चेंडू उलटून बोलत तरी नाही."

पंच म्हणाले, "म्हणूनच ती नोकरी राहिली नाही. आता सगळेच अंपायर."

त्याचा अर्थ कळायला मला बरेच चहा लागले.

आधी इतिहास पुरा करू. शिक्षेचं काय करायचं, यावर त्या काळात पुष्कळ प्रयोग झाले. एका संघानं लागोपाठ तीन फाउल केले, आणि मधे दुसऱ्या संघानं एकही केला नाही, की दुसऱ्याला एक गोल बहाल. पण यात दोन फाउल फुकट मिळत. दोन थपडा मोफत आणि तिसरीला पैसे, असं म्हटल्यावर शहाणा माणूस काय करील ते सांगायला नको. मग काही वर्षांतच फ्री थ्रो आला. ठरलेल्या रेषेवरून, कोणाचा अडथळा न होता, बास्केटमध्ये चेंडू टाकायचा. त्यातही १९२० च्या दशकापर्यंत अशी सोय होती, की मार कुणालाही बसो, फ्री थ्रो टाकायला संघातला सगळ्यांत तरबेज गडी पुढे करायचा. म्हणजे मुका मार एकानं खायचा आणि हळदीचं दूध दुसऱ्यानं प्यायचं. पुढे ते बंद झालं आणि ज्याला लागलं त्यानंच रेषेवर उभं राहावं असं ठरलं.

शिक्षेचा प्रश्न असा सुटला. गुन्ह्याचा सुटेना. नियमाप्रमाणे स्पर्श वर्ज्य. आणि खेळ असा, की दहा माणसं एका हॉलभर जागेत एकाच टोपलीखाली एकाच वेळी उड्या मारणार. आपल्या कबड्डीत निदान प्रामाणिकपणा आहे. तिथे धरण्यासाठीच जमतात, आणि वाद झालाच तर 'हात लागलाच नाही' यावर होतो. इथे हात तर सगळ्यांचे सगळ्यांना लागतात. प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजवायची म्हटली, तर प्रेक्षकांनी फक्त शिट्ट्या ऐकून घरी जावं. आणि वाजवायचीच नाही म्हटलं, तर पुन्हा तो निखळलेला खांदा आहेच.

इथे ऑस्वाल्ड टॉवर नावाचे एक गृहस्थ येतात. १९१५ ते १९६० अशी पंचेचाळीस वर्षं या गृहस्थांनी अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या नियमपुस्तकाचं संपादन केलं. पंचेचाळीस वर्षं 'हे फाउल आहे का हो?' या एकाच प्रश्नाची उत्तरं देणारा माणूस एक तर वेडा होईल, नाही तर तत्त्वज्ञ. टॉवर तत्त्वज्ञ झाले. त्यांच्या विचाराला अमेरिकेतले रेफरी आजही 'टॉवरचं तत्त्वज्ञान' म्हणतात. जॉन बन या दुसऱ्या जाणकारानं ते नीट मांडून ठेवलं. सार इतकंच, की स्पर्श झाला का, हा प्रश्न अपुरा आहे. त्या बेकायदा स्पर्शामुळे समोरच्याचं काही गेलं का, हे बघा. गेलं असेल तर फाउल. काहीच गेलं नसेल, तर खेळ चालू द्या.

हे ऐकून मी आनंदानं उडालोच. कारण हे तत्त्वज्ञान मी वीस वर्षं लोकलमध्ये जगत होतो! आपण काय करतो? गाडीत शिरताना पाठीत कोपर बसलं, पायावर पाय पडला, कुणाच्या तरी डब्यातलं वरण पाटलोणीवर सांडलं, तरी आपण चकार शब्द काढत नाही. पण त्याच धक्क्याचा फायदा घेऊन तो इसम आपल्या आधी खिडकीत जाऊन बसला, की आपण कडाडतो. कोपर तेच, बरगडीही तीच. फरक एवढाच, की आता आपली जागा गेली! आपल्या डब्यातला प्रत्येक पासधारक जन्मजात टॉवर असतो. फक्त त्याच्याकडे शिट्टी नसते.

अमेरिकेतले रेफरी आता हेच तत्त्व चार शब्दांत घोकतात. लय, वेग, तोल आणि चपळाई. बचाव करणाऱ्याच्या हातानं चेंडूवाल्याची यांपैकी एखादी गोष्ट बिघडवली का? बिघडवली तर वाजवा.

आता हे बिघडणं बघायचं कसं? टीव्हीसमोर पंच मला पहिली तंबी देतात ती ही, की चेंडूकडे बघू नका. "चेंडूकडे बघायला वीस हजार माणसं तिकीट काढून बसलीत. तुम्ही बचाव करणाऱ्याकडे बघा." कारण चेंडूवाला काय करणार ते सगळ्यांना माहीतच असतं. तो टोपलीकडे जाणार. प्रश्न असतो अडवणाऱ्याचा. तो वेळेवर पोचला का, सरळ उभा राहिला का, त्यानं हात वर नेले की पुढे मारले? ते आधीपासून बघत बसला असाल तरच धक्क्याच्या क्षणी निकाल सांगता येतो. भांडण झाल्यावर गॅलरीत धावत आलेल्या माणसानं सुरुवात कोणी केली ते सांगू नये. सांगणाराही तोच असतो, हा भाग वेगळा.

दुसरी गोष्ट जागेची. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसली पाहिजे. रेफरी त्या दोघांच्या एका रेषेत मागे सापडला, तर त्याला फक्त एक रुंद पाठ दिसते, आणि पाठीवरून न्याय करता येत नाही. म्हणून हे लोक सारखे चार पावलं इकडे, दोन तिकडे करत असतात. मला वाटायचं, अंग गरम ठेवतायत. व्यावसायिक बास्केटबॉल चालवणाऱ्या एनबीएनं या फटीपायीच १९७८-७९ च्या मोसमात दोनाऐवजी तीन रेफरी लावून पाहिले. एक टोपलीखाली, एक मागे, एक बाजूला. एका वर्षात खर्च बघून तिसऱ्याला घरी पाठवलं आणि १९८८ मध्ये परत बोलावलं.

तिसरी गोष्ट थांबण्याची. धक्का दिसला की शिट्टी वाजवायची घाई करायची नाही. आधी त्याचा शेवट काय होतो ते बघायचं. पंच म्हणतात, "आम्ही शिट्टी तोंडात ठेवून एक आवंढा गिळतो. त्या आवंढ्यात सगळं कायदेशास्त्र असतं." तेवढ्यात चेंडूवाला सावरला आणि टोपलीकडे गेला, तर कशाला त्याला थांबवायचं? प्रेक्षकांना मात्र हा आवंढा दिसत नाही. त्यांना शिट्टी उशिरा वाजली एवढंच कळतं आणि ते म्हणतात, "बघा, आम्ही ओरडलो म्हणून वाजवली!"

या सगळ्यातला सर्वांत अवघड निकाल म्हणजे चेंडूवाला येऊन अडवणाऱ्यावर आदळतो तो. चूक आदळणाऱ्याची की अडवणाऱ्याची? इथे आपली एसटीतली रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत चालत नाही. स्वतः देहानं हजर व्हावं लागतं. समोरच्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून आधी जो तिथे पोचला, ती जागा त्याची. आणि नुसती जमीन नाही, वरचं आभाळसुद्धा. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य दंडगोल मानला आहे. पुढे तळहातांपर्यंत, मागे बैठकीपर्यंत, बाजूला हातापायांच्या कडेपर्यंत. त्या दंडगोलात तो सरळ वर उडी मारू शकतो. दुसरा त्यावर येऊन पडला तर दोष दुसऱ्याचा. मात्र चेंडूवाल्यानं उडी मारल्यावर त्याच्या वाटेत येऊन उभं राहिलात, तर दोष तुमचा, कारण हवेत गेलेल्या माणसाला खाली यायचा हक्क आहे. आमच्या सोसायटीच्या उपविधींत छपरावरच्या हक्कांबद्दल तीन पानं आहेत. त्यांतही इतका स्पष्टपणा नाही.

दोष अडवणाऱ्याचा असला, की रेफरी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहतो. हुबेहूब विठोबा! पण ही खूण बघून आजवर एकाही खेळाडूनं रेफरीच्या पायांवर डोकं ठेवल्याचं पंचांना आठवत नाही.

या 'आधी पोचलो' नियमाचा फायदा घेऊन बचाव करणारे काय करू लागले, तर टोपलीखाली जाऊन नुसते उभे राहू लागले, अंगावर कुणी आदळावं म्हणून. तेव्हा एनबीएनं १९९७ मध्ये टोपलीखाली चार फुटांची एक कमान आखली. तिच्या आत उभं राहून 'मला धक्का दिला' म्हणायचं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत तशी सव्वा मीटरची कमान २०१० मध्ये आली. मग मंडळी कमानीबाहेर पडू लागली. नुसता वारा लागला तरी संगीत नाटकातल्या नायिकेसारखी मूर्च्छा! २०१२ पासून एनबीएनं या मूर्च्छेलाही दंड लावला. म्हणजे आता 'लागला' आणि 'दिला' यांच्या जोडीला 'लागलाच नाही, पण पडलो' हे तिसरं क्रियापद तपासणं आलं.

एवढं करूनही काय होतं, त्याच्या दोन गोष्टी पंच नेहमी जोडीनं सांगतात.

१८ मे १९९४, न्यूयॉर्क. शिकागो ८६, न्यूयॉर्क ८५. सामना संपायला अडीच सेकंदंही उरलेली नाहीत. न्यूयॉर्कच्या ह्यूबर्ट डेव्हिसनं चेंडू टोपलीकडे फेकला, तो चुकला. पण चेंडू हातातून सुटून गेल्यावर शिकागोच्या स्कॉटी पिपेनचा हात त्याच्या हाताला लागला आणि ह्यू हॉलिन्स या रेफरीनं शिट्टी फुंकली. दोन फ्री थ्रो. न्यूयॉर्क ८७, शिकागो ८६. पुढे ती मालिकाही न्यूयॉर्कनं जिंकली. रेफरींचे त्या वेळचे प्रमुख डॅरेल गॅरेटसन त्या रात्री स्वतः मैदानावर दुसरे रेफरी म्हणून होते. पुढच्या मोसमात त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की तो निकाल भयंकर होता.

१४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी. अंतिम फेरीतला सहावा सामना. यूटा ८६, शिकागो ८५. शिकागोचा मायकेल जॉर्डन उजवीकडे गेला, झटक्यात थांबला, त्याचा डावा हात अडवणाऱ्या ब्रायन रसेलच्या कमरेला लागला, रसेल घसरला, जॉर्डननं चेंडू फेकला. शिकागो ८७, यूटा ८६. घड्याळात पाच सेकंदं आणि वर थोडं. शिट्टी वाजलीच नाही. शिकागो विजेता झाला, आणि रसेल घसरला की घसरवला गेला हे यूटात आजही चर्चेला घेतात.

गुणसंख्या दोन्ही वेळा तीच. हाताचा स्पर्शही दोन्हीकडे. एकदा वाजली आणि एकदा नाही. "आता सांगा," पंच म्हणतात, "यांतला कोणता रेफरी गप्प बसला?"

मी म्हणतो, "अर्थात दुसरा."

"तो गप्प कुठे बसला? त्यानं 'काही गेलं नाही' असा निकाल दिला. न वाजलेली शिट्टी हाही निकालच असतो."

हे वाक्य तेव्हा मला वकिली वाटलं होतं. पण २०१५ मध्ये एनबीएनं चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे अहवाल छापायला सुरुवात केली, त्यांत निकालांचे चार रकाने आहेत. बरोबर वाजवलेली शिट्टी, चुकीची वाजवलेली शिट्टी, बरोबर न वाजवलेली आणि चुकीची न वाजवलेली. चुकीचं मौन अशी नोंद दुसऱ्याच दिवशी छापून येणारा हा जगातला एकमेव धंदा असावा. आमच्या सर्वसाधारण सभेला हा चौथा रकाना लावला, तर इतिवृत्ताचे खंड काढावे लागतील.

डोळा हा काही तराजू नाही. त्याच्यामागे मन असतं, आणि मनाला वजनं मारायची सवय असते. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या २००४-०५ च्या मोसमातले ३६५ सामने दोन संशोधकांनी तपासले. त्यांना दिसलं, की एका संघावर फाउल जितके जास्त झालेले असतील, तितका पुढचा फाउल दुसऱ्या संघावर दिला जाण्याचा संभव वाढतो. धाकट्याला दोन रट्टे बसले, आता थोरल्यालाही एक बसायला हवा, ही जी आईची न्यायबुद्धी, ती शिट्टीतही शिरलेली! फुटबॉलच्या चाळीस रेफरींना इंग्लंडमध्ये एका सामन्याच्या चित्रफिती दाखवल्या, काहींना गर्दीच्या आवाजासकट, काहींना मुक्या. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघावर पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी फाउल दिले. म्हणजे ओरडून काही होत नाही, हे काही खरं नाही.

इथपर्यंत हसता येतं. पुढचं ऐकून हसू थांबतं. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी एनबीएचे १९९१ पासूनचे तेरा मोसम तपासले. रेफरी खेळाडूच्या वर्णाचे असतील तर त्याच्यावर फाउल कमी लागतात, आणि हा फरक चार टक्क्यांपर्यंत जातो, असं त्यांनी मांडलं. गोऱ्यांचं गोऱ्यांकडे आणि काळ्यांचं काळ्यांकडे, जाणूनबुजून नव्हे, नकळत. २००७ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं. एनबीएनं ते साफ नाकारलं. मग या संशोधकांनी एका तिसऱ्याला घेऊन पुढच्या वर्षांचे सामने तपासले, आणि तो फरक नाहीसा झालेला आढळला! रेफरींना ना कोणी शिबिराला पाठवलं होतं, ना कोणी शिक्षा केली होती. आपल्या हातून असं होतं, असं चार लोक म्हणतात, हे फक्त त्यांच्या कानांवर गेलं होतं. पंचांनी मला ही हकिकत सांगितली तेव्हा बराच वेळ चहाला हात लावला नाही. मग म्हणाले, "डोळ्यांत जे असतं ते डोळ्यांना दिसत नाही. कुणी तरी सांगावं लागतं."

त्याच २००७ मध्ये आणखी एक घडलं. टिम डॉनगी या एनबीएच्या रेफरीनं, आपण ज्या सामन्यांत शिट्टी वाजवतो त्यांबद्दल जुगाऱ्यांना आतली माहिती दिल्याचं कोर्टात कबूल केलं. त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली. एनबीएनं नेमलेल्या चौकशीत त्याचे सामने पुन्हा पुन्हा बघितले, पण त्यानं एखादी शिट्टी मुद्दाम खोटी वाजवली असं सिद्ध करता आलं नाही. ही मला त्यातली सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. काठावरच्या फाउलमध्ये प्रामाणिक चूक आणि विकाऊ चूक दिसायला अगदी सारख्या असतात. नियमपुस्तक तिथे थांबतं, आणि पुढचं सगळं त्या शिट्टीवाल्याच्या चारित्र्यावर चालतं.

मग यंत्रं आली. २००२ पासून चित्रफीत बघून काही निकाल तपासायला लागले. २०१९ पासून प्रशिक्षकाला निकालाला आव्हान देता येऊ लागलं. आता सामना थांबतो, तीन रेफरी एका पडद्यापुढे वाकतात आणि तोच हात तोच दंड दहा वेळा संथपणे शिवतो. संथ चित्रात प्रत्येक स्पर्श हा गुन्हाच वाटतो. कुणाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवलेला तसा दाखवला, तरी तो गळा दाबायला निघाल्यासारखा दिसेल. यंत्र स्पर्श दाखवतं, आणि ते फार मोठं काम आहे. हात लागला की नाही या प्रश्नावर ते कित्येकदा निरपराध माणसाला सोडवतं. पण त्या स्पर्शानं काय गेलं, हे त्याला सांगता येत नाही. तोल जरासा गेला का, लय तुटली का, हे वेगातच कळतं आणि माणसालाच कळतं. कारण माणसानं धक्के खाल्लेले असतात.

गेल्या महिन्यात मी पंचांना विचारलं, "तीस वर्षांत तुम्हांला कुणी आभार मानून गेलं का हो?"

पंच हसले. आतून त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "शिव्या मोजायच्या तर सांगा, मी वहीच काढते."

"एकदा एक पोरगा आला होता," पंच म्हणाले. "हरलेल्या संघातला. माझ्या शिट्टीमुळेच हरलेला. म्हणाला, 'सर, निकाल मला पटला नाही. पण तुम्ही त्या फटीकडे बघत होतात, ते मी पाहिलं.' आणि गेला."

आपल्याला हवं असतं ते बहुधा एवढंच. निकाल आपल्याच बाजूनं लागावा असं वाटतं खरं, पण तो रोज कुणाच्या लागतो? निदान निकाल देणाऱ्यानं चेंडूवरची नजर काढून आपल्याकडे बघितलं, एवढं समजलं तरी माणूस पुढच्या खेळाला उभा राहतो. नेस्मिथ मास्तरांनी १८९२ मध्येच छापून ठेवलं होतं की, एक जण चेंडूचा न्यायाधीश आणि एक जण माणसांचा. चेंडूचं काम आता कॅमेरे आणि घड्याळं बऱ्यापैकी करतात. माणसांच्या न्यायाधीशाची जागा अजून भरायची असते. अर्ज कमी येतात, आणि शिव्यांची वही नोकरीबरोबर फुकट मिळते.